मालिनीची सही

मंगळवार, १६ ऑक्टोबर १९८४. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीजवळच्या एका मोठ्या दुकानात, बायकांच्या कोटांच्या काउंटरवर, विक्रेत्या मुलीने ड्रॉवरमधून कात्री काढली आणि सुलेखाचं क्रेडिट कार्ड मधोमध कापलं.

मुलगी विशीची असेल. कार्डाचा नंबर तिने फोनवर वाचून दाखवला होता आणि पलीकडचं ऐकताना दोनदा सुलेखाकडे पाहिलं होतं. मग तिने खालच्या आवाजात माफी मागितली. कार्ड परत द्यायचं नाही, कापायचं, असा निरोप होता. खातं व्यवस्थित चालू आहे, फक्त या कार्डाची परवानगी काढून घेतली आहे. सुलेखाच्या मागे रांगेत तिघीजणी होत्या. राखाडी कोटाच्या बाह्या आत दुमडून तिने तो काउंटरवर ठेवला आणि बाहेर येऊन बसच्या थांब्यावर उभी राहिली.

कार्डाचा एक तुकडा काउंटरच्या कडेवरून घरंगळून तिच्या उघड्या पर्समध्ये पडला होता. तो बसमध्ये सापडला. त्यावर ‘मालिनी पी.’ एवढं उरलं होतं.

ते तिचं नाव नव्हतं. म्हणजे, साडेतीन वर्षं होतं.

सुलेखा नागपूरची. केमिस्ट्रीत एम.एस्सी. तिचं लग्न मे १९८१ मध्ये पुण्यात झालं. पुरुषोत्तम निसळ अमेरिकेत टेलिफोनच्या कंपनीत इंजिनिअर होता, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याची पहिली बायको मालिनी फेब्रुवारी १९७९ मध्ये वारली. बर्फावरून गाडी घसरली, एवढंच दोन्हीकडच्या मंडळींना ठाऊक होतं. लग्नात पुरुषोत्तमने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिलं, तेव्हा भोवतीच्या बायका ते वाचायला वाकल्या आणि क्षणभर वाकलेल्याच राहिल्या. त्याने ‘मालिनी’ लिहिलं होतं.

सुलेखाच्या आईने विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई अगदी शांत होत्या. पूर्वी आमच्यात दुसरेपणावर आलेल्या मुलीच्या गळ्यात वारलेल्या पहिलीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक घालायचे, त्या म्हणाल्या. तिकडे अमेरिकेत ते कुठे चालणार, त्यापेक्षा नाव बरं. सुलेखाच्या वडिलांनी नाव ठेवायचा हक्क मुलाकडचा असतो असं सांगून विषय मिटवला. आई उठून पंगतीचं बघायला गेली.

पार्सिपनीला आल्यावर ते नाव सोयीचंही निघालं. टपालपेटीवर पाटी तीच. डॉक्टरकडे फाइल त्याच नावाची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरुषोत्तमने टेबलाच्या खणातून दोन कार्डं काढून तिच्यापुढे ठेवली. खाती त्याची, वापरायची परवानगी तिला. कार्ड उलटं करून त्याने मागची सही दाखवली आणि अशीच करत जा, म्हणजे कुणी काही विचारणार नाही, असं सांगितलं. सुलेखाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तीन दिवस ती सही गिरवली. सुरुवातीच्या एमच्या दोन उंच कमानी, आणि शेवटच्या अक्षरातून निघून सगळ्या नावाखालून मागे येत एमला टेकणारी रेघ. रेघ साधायला वेळ लागला. पुढे जुन्या कार्डांची मुदत संपली, नवी आली, त्यांच्या मागे तिनेच सही केली. तोवर ती सही न बघता येत होती.

मालिनी वारल्याचं पुरुषोत्तमने बँकेला कळवलंच नव्हतं. सुलेखाला ते तेव्हा खटकलं नाही. नव्या देशात खटकण्यासारखं इतकं काही असतं की त्याचीही रांग लागते.

तीन वर्षांनी तिला औषधांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते ते मोजायचं आणि लिहायचं. डिग्री सुलेखाच्या नावाची आणि बाकी कागद मालिनीच्या, तेव्हा कारखान्याने एकच काय ते ठरवून आणा म्हटलं. तिने काउंटी कोर्टात अर्ज करून स्वतःचं नाव परत मागितलं. नियमाप्रमाणे त्याची नोटीस स्थानिक पेपरात छापून आली. गुरुवारी, ११ ऑक्टोबरला, पुरुषोत्तमने ती नाश्त्याच्या वेळी वाचली, पेपराची घडी घातली आणि कामावर गेला. पाच दिवस तो त्यावर बोलला नाही.

कार्ड कापलं त्या संध्याकाळी साडेसहाला जेवताना तिने विचारलं.

“तुम्ही बँकेला फोन केलात?”

“केला.”

“मला सांगायचं तरी.”

“कार्ड मालिनीचं होतं,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “तू मालिनी नाहीस हे तूच पेपरात छापून आणलंस. मग मी कुणाला सांगायचं?”

मग त्याने आमटी वाढून घेतली.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुलेखा दोन बॅगा घेऊन नंदाकाकूंच्या तळघरात राहायला आली. नंदाकाकू आणि श्रीरामकाका पार्सिपनीतच, लेक हायवाथा भागात राहत. १९६९ सालचे आलेले, गावातल्या मराठी मंडळींत सगळ्यांत जुने. तळघर मेअखेरपर्यंत मोकळं होतं, जूनमध्ये मुलगी-जावई यायचे होते. तोवर सुलेखाने स्वतःच्या नावावर जागा घ्यायची, हे पहिल्याच दिवशी चहावर ठरलं.

तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार आला. पगार पुरेसा आहे, पण क्रेडिट नाही. नंदाकाकूंनी तिला समजावलं की या देशात तू आज किती कमावतेस ते नंतर, आधी लोकांची देणी तू वर्षानुवर्षं वेळेवर फेडलीस का ते बघतात, आणि ते सगळं कुठल्यातरी कचेरीत लिहिलेलं असतं.

“माणूस मेलं तर चालतं गं इथं,” त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “क्रेडिट मरता कामा नये. आमच्या ह्यांना विचार, माझ्या आधी त्याची तब्येत विचारतात.”

“माझ्या कार्डावर तिचं नाव घालू का?” श्रीरामकाकांनी आतून विचारलं. “एक फोनचं काम.”

“नको, काका,” सुलेखा म्हणाली. “एका फोनवर येतं ते एका फोनवर जातं.”

मग एका दुकानाने तिला कार्ड नाकारलं तेव्हा नकाराच्या पत्रात एक ओळ होती. नाकारलेल्या माणसाला महिनाभरात स्वतःची नोंद फुकट बघता येते. २२ जानेवारी १९८५ रोजी सुलेखाने अर्धा दिवस रजा टाकली आणि मॉरिसटाउनला क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत गेली.

खिडकीपलीकडे मिसेस हॉलिस नावाच्या बाई होत्या. चष्मा साखळीला अडकवलेला, टेबलावर पेपरमिंटची बरणी. सुलेखाच्या नावावर काहीच निघालं नाही. मग त्यांनी आधीचं नाव विचारलं आणि आत जाऊन दोन पानं घेऊन आल्या.

“तुम्ही उगीच काळजी करताय,” त्या म्हणाल्या. “इतकं स्वच्छ रेकॉर्ड या महिन्यात मी पाहिलेलं नाही. दहा वर्षं, एकही हप्ता चुकलेला नाही.”

पहिली नोंद नोव्हेंबर १९७४ ची होती. सुलेखा तेव्हा नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

मिसेस हॉलिसनी पेन पुढे केलं. नोंदींसमोर खुणा करायच्या, माझी किंवा माझी नाही. सगळ्या माझ्या म्हटल्या तर दोन्ही नावं एकाच फाइलमध्ये जोडून देता येतील आणि कुठलंही अपार्टमेंट मिळेल. त्या काळी नाव आणि पत्ता जुळला की कचेरीचं समाधान होत असे. सुलेखाने ओळीवरून बोट फिरवलं. १९७४ चं दुकान. १९७६ चं बँकेचं कार्ड. ही दोन्ही खाती पुरुषोत्तमची, मालिनीला परवानगी. तिसरी नोंद वेगळी होती. शिवणाच्या मशीनचं दुकान, हप्त्याचं खातं, जानेवारी १९७९. हे खातं एकट्या मालिनीचं होतं.

त्या घरात शिवणाचं मशीन नव्हतं. सुलेखाने साडेतीन वर्षांत सगळी कपाटं आवरली होती.

पानाच्या तळाशी पत्ते होते. पहिला पार्सिपनीच्या घराचा. दुसरा डोव्हर गावातल्या एका वसाहतीतला, अपार्टमेंट नंबर चौदा. तो मशीनच्या दुकानाने कळवलेला होता. ग्राहकाने पत्ता बदलल्याची तारीख १२ फेब्रुवारी १९७९.

मालिनी गेली १६ फेब्रुवारीला. त्या घरात दरवर्षी त्या दिवशी ब्राह्मण जेवायला यायचा, सुलेखा स्वतः पुरण वाटायची, त्यामुळे तारीख चुकायचा प्रश्न नव्हता.

मशीनच्या खात्यापुढे शेवटचा शेरा होता. पूर्ण फेड, मार्च १९७९.

सुलेखाने खुणा केल्या नाहीत. विचार करून येते म्हणाली. कागद मिळाल्याची पोच हवी होती म्हणून तिने सही केली, आणि उचललेल्या पेनाखाली पाहिलं तर एमच्या दोन कमानी होत्या आणि रेघ मागे येऊन टेकलेली होती.

पुढच्या शनिवारी ती गावच्या लायब्ररीत बसून जुन्या पेपरांची फिल्म बघत होती. बातमी चार ओळींची होती. शुक्रवार, सकाळी सव्वाअकरा, रूट ४६, पश्चिमेकडे जाणारी बाजू, गाडीत एकटी स्त्री. पुरुषोत्तम नेहमी सांगायचा की मालिनी वाणसामान आणायला निघाली होती. वाणसामानाचं दुकान पूर्वेला होतं. पश्चिमेला डोव्हर.

नंदाकाकूंना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मालिनी कमी बोलायची, त्या म्हणाल्या. त्या जानेवारीत एकदा फोन करून पडद्याचं कापड कुठे स्वस्त मिळतं ते विचारत होती. मी म्हटलं, तुझ्याकडे पडदे आहेत की. ती हसली. त्यानंतर भेट झाली ती थेट अंत्यविधीलाच. हे सहा वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

डोव्हरच्या वसाहतीचं ऑफिस एका म्हाताऱ्या मॅनेजरकडे होतं, डोंब्रोव्स्की नावाचा. सुलेखाने मालिनीचं नाव सांगितल्यावर त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि खुर्चीत मागे सरकला. मग ही ती नव्हे असं त्याच्या लक्षात आलं असावं. त्याला बाई आठवत होती, कारण किल्ली घेऊन गेली आणि राहायला आलीच नाही अशी भाडेकरू त्याच्या बारा वर्षांत ती एकच. सोमवारी आली, सही केली, टेप लावून खिडक्या मोजल्या. शनिवारी दुकानाची गाडी शिवणाचं मशीन घेऊन आली. त्याने ते उतरवून घेतलं आणि चौदा नंबरमध्ये ठेवलं. तीन महिने कुणी आलं नाही, तेव्हा चर्चला देऊन टाकलं. एक गृहस्थ एकदा फोनवर चौकशी करत होते. कोण ते त्यांनी सांगितलं नाही, यानेही विचारलं नाही.

चौदा नंबर मेमध्ये रिकामं होणार आहे, तो म्हणाला, आणि अर्जाचा कागद पुढे केला.

सुलेखा पेन घेऊन बसली. मेअखेरीला चार महिने उरले होते. वर मालिनीचं नाव लिहिलं, खाली ती सही केली, मॉरिसटाउनला तीन खुणा केल्या की काम झालं. मेलेल्या बाईचं यात काही जात नव्हतं. हा हिशेब तिने शांतपणे केला आणि त्यात चूक सापडली नाही. तरी तिला तांदळावर वाकलेल्या बायका दिसल्या. इथे सही केली तर ते ताट आता आपणच पुढे धरणार.

तिने कागद कोरा परत केला. सोमवारी मॉरिसटाउनला जाऊन तिन्ही नोंदींपुढे माझी नाही अशी खूण केली. कायद्याने ग्राहकाला फाइलमध्ये शंभर शब्दांचं निवेदन ठेवता येतं. तिचं सोळा शब्दांत झालं. मालिनी निसळ १६ फेब्रुवारी १९७९ रोजी मरण पावली, मी सुलेखा, आणि त्यानंतरच्या सह्या मी केलेल्या आहेत. मिसेस हॉलिसनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि पेपरमिंटची बरणी तिच्याकडे सरकवली.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. सुलेखाच्या नावावर कोणतीही नोंद नाही.

मे महिन्यात चौदा नंबर दुसऱ्या कुणाला गेलं. सुलेखा डोव्हरलाच एका लाँड्रीच्या वर खोली घेऊन राहिली. मालकीण पोलिश विधवा होती, तिने क्रेडिट विचारलं नाही, स्वयंपाकाला वास फार येतो का एवढंच विचारलं. दरम्यान एका बचत बँकेने तिला कार्ड दिलं. पाचशे डॉलर आधी त्यांच्याकडे ठेवायचे आणि तेवढ्याच मर्यादेत खर्च करायचा. आपलेच पैसे आपल्याला उधार. दर महिन्याला ती त्यावर बसचा पास घ्यायची आणि बिल आलं त्याच दिवशी चेक टाकायची. सही सुरुवातीला वाकडी यायची. हात कमान काढायला वळायचा, तो आवरून बारीक अक्षरात एस काढायचा, नागपूरच्या परीक्षेच्या अर्जावर होता तसा. बँकेने दोनदा सही जुळत नाही म्हणून चेक परत केला. तेरा महिन्यांनी तिच्या नावाच्या फाइलमध्ये एक ओळ होती, वेळेवर फेड.

जून १९८६ मध्ये घटस्फोट झाला. पुरुषोत्तमने कशालाच हरकत घेतली नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याने तिला जेवण झालं का असं विचारलं.

त्याच जुलैत चौदा नंबर पुन्हा रिकामं झालं, आणि या वेळी तिने स्वतःच्या नावाने भरलेला अर्ज डोंब्रोव्स्कीने मंजूर केला. खोल्यांना पांढरा रंग नव्याने दिला होता. ओट्याखालच्या कपाटाच्या दाराची आतली बाजू मात्र रंगवायची राहून गेली होती. तिथे पेन्सिलीने तीन ओळी होत्या. डोंब्रोव्स्की म्हणाला, कुणा मुलाने गिरगोट्या केल्यात, पुसून देतो. सुलेखाने नको म्हटलं. मराठी आकडे होते. ४२ × ५८. ४२ × ५८. ३० × ३६. तिने खिडक्या मोजून पाहिल्या. मापं बरोबर होती. त्या मापांनी तिने पडदे हातानेच शिवले.

मार्च १९८७ मध्ये तिने जुनी गाडी घेण्यासाठी कर्ज मागितलं. बँकेतल्या माणसाने फाइल चाळून विचारलं की तुमच्या नावावर दुसरंही एक कार्ड दिसतंय, ते अर्जात का लिहिलं नाही. त्याने पान तिच्याकडे फिरवलं. जुन्या नावाच्या आधाराने कचेरीने ती नोंद हिच्या फाइलला चिकटवली होती. खातेदार पुरुषोत्तम निसळ. वापरायची परवानगी, मालिनी पी. निसळ.

सुलेखाला वाटलं, ती जुनीच नोंद वर आली. मॉरिसटाउनला मिसेस हॉलिसनी तारीख दाखवली. परवानगी दिल्याची तारीख २० जानेवारी १९८७. जुनी नव्हती, दोन महिन्यांपूर्वीची होती.

नंदाकाकूंनी फोनवर आधी ऐकून घेतलं.

“ऑगस्टमध्ये पुण्याला जाऊन लग्न केलंन,” त्या म्हणाल्या. “मुलगी जानेवारीत आली. तुला कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून राहिलं.”

“नाव काय तिचं?”

“तेच ठेवलंन.”

“ते नाही, काकू. माहेरचं.”

काकूंना माहीत नव्हतं. संक्रांतीला ती आली होती, कुणीतरी विचारलंही होतं, पण पुरुषोत्तम शेजारीच उभा होता, त्याने उत्तर दिलं. वय पंचविशीच्या आतलं. कमी बोलते.

सुलेखाने घरच्या नंबरवर फोन केला नाही. फोन कोण उचलेल ते सांगता येत नव्हतं. तिने चार ओळी लिहिल्या. हे नाव तुमच्याआधी दोघींना होतं. पहिली ज्या दिवशी गेली त्या दिवशी ती कुठे निघाली होती, ते मला माहीत आहे. तुमचं खरं नाव मला माहीत नाही, म्हणून पाकिटावर हेच घालते आहे. खाली प्रयोगशाळेचा दिवसाचा नंबर, घराचा नंबर आणि स्वतःचं नाव. सोबत फाइलच्या पानाची प्रत.

सोमवारी, ६ एप्रिल १९८७ रोजी, तिने पत्र डोव्हरच्या पोस्टातून रजिस्टर केलं. ज्या व्यक्तीच्या नावे पाठवलं तिच्याच हाती द्यावं, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि पोचपावती सहीनिशी परत यावी, अशी जास्तीची फी भरली. काउंटरवरच्या माणसाने नाव नीट लिहिलंय ना ते विचारलं. ती हो म्हणाली.

शनिवारी, ११ एप्रिलला, हिरवी पोचपावती टपालपेटीत आली. पत्र गुरुवारी, नऊ तारखेला पोचलं होतं. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी निळ्या शाईत पूर्ण नाव होतं, एमच्या दोन उंच कमानी, आणि शेवटच्या अक्षरातून निघून सगळ्या नावाखालून मागे आलेली रेघ. रेघ एमपर्यंत पोचली नव्हती, थोडी अलीकडेच थांबली होती.

फोन अजून आलेला नाही.